अप्पांच्या पक्ष्यांच्या नोंदींची साइट बंद आहे

आत्या, ७:४२
अप्पांची साइट आज तिसऱ्या दिवशीही उघडत नाहीये. नुसतं पांढरं पान येतं. सगळ्यांना तसंच दिसतंय की माझ्याच मोबाइलला काही झालंय?

काकू, ७:५०
मलाही पांढरंच.

धाकटे काका, ७:५१
सुप्रभात 🙏 आपला दिवस आनंदात जावो

आत्या, ७:५२
अरे वरचं वाच आधी.

मोठेकाका, ८:०५
डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे?

दादा, ८:१४
आत्या, होस्टिंगवाल्यांनी सर्व्हरवर पीएचपीचं, म्हणजे आपली साइट ज्या भाषेत लिहिलीय तिचं, नवं व्हर्जन टाकलंय. आपला कोड जुन्या व्हर्जनचा, तो त्यावर चालत नाही. ज्याने साइट बनवली त्याला मेसेज केलाय.

आत्या, ८:१६
मीही केलाय. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. मी तेव्हाच म्हणत होते, तयार ब्लॉग घ्या. "आपलं आपण बनवून घेऊ" हे कुणाचं म्हणणं होतं ते आता लिहीत नाही.

दादा, ८:२०
माझं होतं. आणि त्याला कारण होतं. अप्पांच्या वह्या म्हणजे लेख नाहीत. तारीख, पक्षी, किती दिसले, काय करत होते, एवढंच आहे त्यात. मला जून आणि चिमणी निवडलं की सगळ्या वर्षांच्या जूनमधल्या चिमण्या एकाखाली एक हव्या होत्या. ब्लॉगवर नवं वर नि जुनं खाली, एवढंच येतं.

ताई, ८:२४
तेवढंच नाही येत रे. ब्लॉगरवर लेबलं आहेत, वर्डप्रेसवर कॅटेगरी आणि टॅग आहेत. चिमणी हे एक लेबल, जून हे दुसरं. दोन्ही एकदम लावून शोधायचं बटण बहुतेक तयार थीममध्ये, म्हणजे साइटच्या आयत्या साच्यात, नसतं, हे मान्य.

वहिनी, ८:२५
जून आणि चिमणी असं आजवर कोणी शोधलंय?

दादा, ८:२५
हे घरी विचारता आलं असतं.

वहिनी, ८:२६
घरीही विचारलं होतं.

मोठेकाका, ८:३०
पुन्हा विचारतो. डोमेन कोणाच्या नावावर आहे?

आत्या, ८:३१
भाऊ, थांब जरा. एक नोंद चढवायला मला काय करावं लागतं ते सांगते. वही उघडायची, मोबाइलवर टाइप करायचं, भाच्याला पाठवायचं, तो म्हणणार रविवारी करतो. मार्चपासून तेरा नोंदी पाठवल्या, एक चढली. तीही कशी, तर "किती दिसले"च्या रकान्यात तारीख.

दादा, ८:३३
आत्या, मला नोकरी आहे.

आत्या, ८:३३
म्हणून तर म्हणते. अप्पांच्या वह्या तुझ्या रविवारवर अवलंबून नकोत.

दादा, ११:१०
जुनी प्रत दुसऱ्या सर्व्हरवर टाकून बघितली. लिंक पाठवतोय, बघा.

धाकटे काका, ११:१३
उघडलं! पण सगळी प्रश्नचिन्हंच. अप्पांनी जन्मात कुणाला एवढे प्रश्न विचारले नव्हते.

काकू, ११:१४
अगदी! मीच विचारायचे.

आत्या, ११:१५
हसताय काय? मजकूर गेला का?

दादा, ११:१९
गेला नाही. नव्या डेटाबेसचा कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, युटीएफ-८ ठेवायला हवा होता, तो लॅटिन राहिला. त्यात देवनागरी मावत नाही, म्हणून अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठलं. साठलेल्या प्रश्नचिन्हाचं पुन्हा अक्षर होत नाही. पण मूळ फाइल शाबूत आहे, त्यातून परत भरतो.

आत्या, ११:२१
आणि ती फाइल नसती तर? वह्याही पूर्ण नाहीत. कपाट आवरताना तीन वह्या रद्दीत गेल्या.

काकू, ११:२२
मी विचारून दिल्या होत्या. सगळे हो म्हणाले होते.

आत्या, ११:२२
मला कोणी विचारलं नव्हतं.

ताई, ११:२५
तो विषय आत्ता नको, प्लीज.

दादा, ११:४०
तयार प्लॅटफॉर्मचंही ऐका. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, पोस्टरस २०१३ मध्ये. लोकांची पानंच्या पानं गेली. शिवाय ब्लॉगरवर मराठी शीर्षक दिलं तर लिंकमध्ये ते येतच नाही, ब्लॉग-पोस्ट आणि पुढे एखादा आकडा, बस. वर्डप्रेसवर येतं, पण कॉपी केलं की देवनागरीच्या एकेका चिन्हाची टक्क्यांच्या खुणांसकट नऊ अक्षरं होतात. "चिमणी" म्हणजे च, वेलांटी, म, ण, दुसरी वेलांटी. पंचेचाळीस अक्षरं झाली.

मी, ११:४८
दादा, लिंक रोमन अक्षरांत हाताने लिहिता येते, दोन्हीकडे. बंद पडण्याचं म्हणतोस ते खरं आहे. पण ब्लॉगर १९९९ पासून आहे, २००३ पासून गूगलकडे आहे, आणि त्यातून सगळ्या नोंदींची फाइल काढून घेता येते. वर्डप्रेसमधूनही येते. फोटो मात्र त्या फाइलमध्ये नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात, म्हणून ते वेगळे उतरवून ठेवायचे. आपल्या साइटमध्ये "सगळं बाहेर काढा" असं बटणच नाही. ते बनवून घ्यायचं कुणालाच सुचलं नाही, मलासुद्धा.

ताई, ११:५०
मला वाटतं तयार थीम घ्यावी आणि पत्ता आपलाच ठेवावा. ब्लॉगरला आपलं डोमेन जोडता येतं. उद्या दुसरीकडे गेलो तरी लोक त्याच पत्त्यावर येतील.

मोठेकाका, ११:५१
तेच सकाळपासून विचारतोय. डोमेन कोणाच्या नावावर आहे? मला थीम कळत नाही, पीएचपी कळत नाही. पत्ताच दुसऱ्याचा असेल तर तुमचं सगळं बोलणं वाया आहे.

दादा, १२:२०
बाबा, बघितलं. ज्याने साइट बनवली त्याच्या नावावर आहे. ईमेलही त्याचाच. मुदत पुढच्या महिन्याच्या १९ तारखेपर्यंत.

आत्या, १२:२०
अरे देवा.

धाकटे काका, १२:२१
मुदत संपली तर?

दादा, १२:२५
डॉट कॉम आहे. मुदत संपून नोंद रद्द झाली की आणखी ३० दिवस असतात, तेव्हाही ते सोडवून घेणं त्याच्याच हातात. मग कोणीही घेऊ शकतं. त्याच्याकडून ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायचा पासवर्ड, घ्यावा लागेल आणि डोमेन हलू न देणारं लॉक काढून घ्यावं लागेल. मी आज संध्याकाळी त्याच्या घरीच जातो. चूक माझी आहे, तेव्हा मी पावती बघितली नाही.

वहिनी, १२:२६
मीही येते.

ताई, ४:०५
आत्या, तुझ्यासाठी एक कोरा ब्लॉग उघडलाय. ईमेलवर आमंत्रण आलं असेल, ते स्वीकार. मग "नवीन पोस्ट" दाब आणि लिही. कुणाला विचारू नकोस.

आत्या, ४:३८
चढवली. बघा दिसते का. "१४ जून. चिमण्या, ४. नराच्या चोचीत वाळलेलं गवत. खिडकीवरच्या फटीत तीनदा गेला. पाऊस नाही."

काकू, ४:३९
दिसली गं. अप्पांचंच बोलणं वाटतं.

आत्या, ४:४१
उरलेल्या अकरा आज रात्री चढवते.

मोठेकाका, ४:४२
दिसते. डोमेनचं काय झालं ते रात्री इथेच लिहा.