पोटगी 18 वर्षांपर्यंतच लिहून घेऊ नका

'अपंग मूल झालं की संसार मोडतोच,' असं या चर्चेत एका ताईंनी लिहिलंय. वाचून राहवलं नाही. माझ्या बहिणीचा संसार मोडला, पण भाच्याच्या सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) नाही. नाशिकच्या सिडको भागातल्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरून त्याला कडेवर घेऊन थेरपीला न्यायची ती एकटी, रात्री जागायची तीच. वर सासूबाई म्हणायच्या, 'आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं.' नवरा तेव्हा गप्प. त्या गप्प बसण्यानं नातं संपलं.

आता महत्त्वाचं. नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात समजुतीनं घटस्फोटाचे कागद करत असाल, तर पोटगी 'मूल 18 वर्षांचं होईपर्यंत' अशी मान्य करू नका. अपंगत्वामुळे स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या सज्ञान मुलासाठीही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली (पूर्वीचं 125) पोटगी मागता येते. कायदेशीर पालकत्वाचाही विचार तेव्हाच करा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार 18 नंतरच्या पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो.

बहिणीला हे वकिलांनी सांगितलं नव्हतं. थेरपीच्या बाकावर शेजारी बसलेल्या दुसऱ्या एका आईनं सांगितलं.