तुमचं स्केचबुक आणि कुणी अडवलेलं पान : अनुभव लिहा

चित्रांवरच्या बंदीचा विषय निघाला की आपण कोर्टकज्ज्यांबद्दल बोलतो. १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीतली आपली चित्रं उतरवायला अकबर पदमसींनी नकार दिला, अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली, पुढे ते निर्दोष सुटले. हे महत्त्वाचं आहेच. पण भिंतीवर जाण्याआधी चित्र वहीत असतं, आणि तिथे अडवायला बहुतेक वेळा पोलीस येत नाहीत; आई येते, हेडमास्तर येतात, शेजारचे काका येतात. त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. तुम्ही वहीत काय काढता, कुणापासून लपवता, कुठलं पान कुणी काढून टाकायला लावलं, ते मोकळेपणाने सांगा. माणसांची, संस्थांची नावं नकोत.

ड्रॉइंग अँड पेंटिंग, शेवटचं वर्ष, पुणे

पाहुणे आले की "आमच्या चित्रकाराची वही बघा" म्हणत आजी माझं स्केचबुक पुढे करते. लाइफ स्टडी (समोर बसलेल्या मॉडेलवरून मानवी शरीर काढणं) सुरू झाल्यावर बाबांनी ती पानं एकमेकांना स्टेपल करून टाकली. रागावले नाहीत, फक्त "घरात नको" म्हणाले. त्या पानांवर मॉडेल म्हणून बसणाऱ्या मावशी आहेत. पोटावर टाक्यांचा आडवा वण, बोटांत रुतलेली जोडवी, बसून बसून एका बाजूला कललेला खांदा. तो वण काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला; चारकोल जरा दाबला की जखमेसारखा दिसायचा. एका दुपारी आईने पिना काढून पानं पाहिली आणि विचारलं, "किती वेळ बसवता गं त्यांना? पाठ भरून येत असेल." इतकं नीट माझं चित्र अजून कुणी पाहिलेलं नाही. बाबांशी बोलणं बाकी आहे.

चित्रकला शिक्षक, सांगली जिल्हा

स्मरणचित्राचे विषय ठरलेले : जत्रा, बाजार, पाणवठा. एका मुलीने पाणवठा म्हणून टँकर काढला. "आमच्याकडं हाच पाणवठा, सर." घागरींची रांग, चाकाजवळ भांडणाऱ्या दोन बायका, एकीच्या मुठीत दुसरीची वेणी. स्नेहसंमेलनाला पुढारी येणार, म्हणून ते चित्र प्रदर्शनातून उतरवायला सांगण्यात आलं. मी ते वर्गात लावलं, अजून आहे. आता प्रत्येक मुलाला मी एक वेगळी वही देतो. तिला मार्क नाहीत, शेरा नाही; त्यांनी दाखवली तरच बघतो. सुरुवातीला त्यातही डोंगर, सूर्य आणि झोपडीच असते. मग हळूहळू घरातली माणसं यायला लागतात.

जाहिरात क्षेत्रातून निवृत्त, मुंबई

सरांचा टँकर वाचून चित्रकार चित्तप्रसाद आठवले. नोव्हेंबर १९४३ मध्ये ते दुष्काळात होरपळणाऱ्या बंगालमधल्या मिदनापूर जिल्ह्यातून फिरले, भेटलेली माणसं शाईने काढली, सोबत नोंदी लिहिल्या. 'हंग्री बेंगॉल' नावाने ते छापून निघालं, आणि इंग्रज सरकारने त्याच्या ५,००० पैकी जवळजवळ सगळ्या प्रती जप्त करून जाळल्या. नग्नता नाही, देवदेवता नाहीत. उपाशी माणसं दिसली तशी काढली, एवढ्यावर. पुढे ते कित्येक वर्षं आपल्या अंधेरीत राहिले. मला वाटतं, रेषेइतकीच त्या नोंदींचीही सरकारला धास्ती वाटली असणार. म्हणून मीही चित्राशेजारी लिहितो : जागा, तारीख, आणि माणूस काय बोलला ते त्याच्याच शब्दांत. झोपड्या पाडत होते तिथे बसून काढत असताना एका हवालदाराने वही मागितली. चित्रं भराभर उलटली, लिहिलेलं मात्र बोट ठेवून वाचलं आणि ते पान फाडून घेतलं. त्याच रात्री आठवून पुन्हा काढलं, नोंदीसकट.

साळगाव, गोवा

चित्रकार एफ. एन. सूझांचा जन्म आमच्या गावचा, म्हणून ती बातमी बारकाईने वाचली. परदेशी लिलावांत घेतलेली सूझा आणि पदमसींची सात चित्रं कस्टम्सने २०२३ मध्ये अश्लील म्हणून जप्त केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. नग्न चित्र म्हणजे अश्लीलच असं नाही, हे स्पष्ट सांगितलं. पदमसींच्या अटकेला तेव्हा ७० वर्षं झाली होती! लेकीला परदेशी पाठवायच्या वहीतून मी काही पानं वेगळी काढणार होते. निकाल वाचला आणि वही आहे तशी पाठवली. पोचली.

नोकरदार, ठाणे

वरचं सगळं पटतं, तरी एक वेगळी बाजू मांडते. मी लेडीज डब्यात स्केच करते. झोपलेल्या बायका काढायला सोप्या, हलत नाहीत. एकीने जागी होऊन पाहिलं आणि म्हणाली, "तोंड उघडं असताना नको ना काढू, ताई. ते पान मला दे." मी दिलं. हवालदाराने पान फाडणं आणि जिचं चित्र तिनेच ते मागणं, या गोष्टी मी एका तराजूत घालणार नाही. एकाच्या हातात दंडुका आहे, दुसरीकडे स्वतःचा चेहरा सोडून काही नाही. आता काढून झालं की मी दाखवते. बहुतेक जणी "नाक नीट कर" म्हणतात. नको म्हणणारीला पान देऊन टाकते, मोबाइलमध्ये फोटोही ठेवत नाही. पुण्याच्या मुलीला विचारायचंय : त्या मावशींनी स्वतःची चित्रं पाहिली आहेत का गं? काय म्हणाल्या?