पायथनमधे इफ-एलिफ लावलं तरी ४५ वर्षांचे काका बालगटात जाऊन राहिलेत, कुठं अडतंय?

रामबाग_इंदूर:
नमस्कार सगळ्यांना. गणपतीत आमच्या मंडळाच्या स्पर्धा असतात, पाठांतर, चित्रकला, गाणं वगैरे, आणि नावनोंदणी दरवर्षी रजिस्टरवर हातानंच होते. मी बीकॉम सेकंड इयरला आहे आणि सुट्टीत पायथन शिकून राहिलेय, तर म्हटलं वय टाकलं की गट आपोआप सांगेल असं काहीतरी करू. खाली कोड देतेय. खऱ्या फाइलमधे इफ, प्रिंट हे सगळे शब्द आणि आकडे इंग्लिशमधेच आहेत, इथं सगळ्यांना वाचायला सोपं जावं म्हणून असं लिहिलंय.

वय = इनपुट("वय सांगा: ")
इफ वय <= "८":
    प्रिंट("बालगट")
एलिफ वय <= "१२":
    प्रिंट("किशोर गट")
एलिफ वय <= "१६":
    प्रिंट("कुमार गट")
एल्स:
    प्रिंट("खुला गट")

७ टाकलं तर बालगट, बरोबर. पण ९ टाकलं की खुला गट, १४ टाकलं की बालगट, आणि ४५ टाकलं तरी बालगटच! आधी आकड्यांना कोट्स नव्हते, तेव्हा टाइप एरर येत होता, कोट्स लावले तर एरर गेला पण उत्तरं अशी यायला लागली.

दुसरं म्हणजे बाहेरगावच्यांची राहायची सोय करायची असते, देवास उज्जैन महूचे लोक संध्याकाळी घरी परत जातात म्हणून त्यांना खोली लागत नाही, तर मी असं लिहिलं:

इफ शहर == "इंदूर" ऑर "देवास" ऑर "उज्जैन" ऑर "महू":
    प्रिंट("खोली नको")
एल्स:
    प्रिंट("खोली हवी")

हे जबलपूर टाकलं तरी खोली नकोच म्हणतं. वाचायला तर वाक्य बरोबर वाटतंय ना? प्लीज कोणीतरी नीट समजावून सांगा, नुसता दुरुस्त कोड नको, का होतंय ते कळायला हवंय.

लष्कर_ग्वाल्हेर:
आधी वयाचं बघू. तुझा इफ-एलिफ बरोबर आहे, गडबड पहिल्याच ओळीत आहे. इनपुट जे काही देतं ते नेहमी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांचा मजकूर असतं, तू ९ टाइप केलंस तरी पायथनच्या हातात आकडा नाही, "९" हे अक्षर येतं. पहिल्यांदा जो एरर आला तो हेच सांगत होता की एका बाजूला स्ट्रिंग आहे, दुसऱ्या बाजूला आकडा, लहान-मोठं कसं ठरवू? कोट्स लावल्यावर दोन्हीकडे स्ट्रिंग झाल्या, त्याची तक्रार संपली आणि त्यानं तुलना केली, पण शब्दकोशात शब्द लावतात तशी, पहिल्या अक्षरापासून.

आता तुझीच वयं घे. "४५" आणि "८" मधे पहिलं अक्षर ४ आणि ८, चार आधी येतो म्हणून "४५" लहान ठरला, अट खरी, बालगट. "१४" चं तेच. आणि "९" मात्र "८" च्या पुढे, "१२" आणि "१६" दोन्ही १ नं सुरू होतात म्हणून त्यांच्याही पुढे, मग तीनही अटी खोट्या आणि एल्सवर जाऊन खुला गट. ७ चं उत्तर बरोबर आलं ते योगायोगानं, आणि मला तेच जास्त घातक वाटतं, कारण एखाद्यानं फक्त ७ टाकून बघितलं असतं तर कोड ठीक आहे म्हणून वापरायला घेतला असता.

उपाय: वय = इंट(इनपुट("वय सांगा: ")) आणि खालच्या आकड्यांचे सगळे कोट्स काढून टाक. इंट म्हणजे मजकुराचा पूर्ण आकडा करणारं फंक्शन. एक छान गोष्ट सांगतो, तुमच्याकडे कोणी आजोबांनी देवनागरीत १५ टाइप केलं तरी इंट त्याचा बरोबर पंधरा करतो, मी करून बघितलंय. फक्त कोडमधे स्वतः आकडा लिहिताना मात्र इंग्लिशच लागतो, तिथं देवनागरी लिहिलास तर सिंटॅक्स एरर.

शहराच्या भानगडीचं कोणीतरी सांगा, मला आता ऑफिसला पळायचंय.

दांडियाबाजार_बडोदा:
मी सांगते. मी शाळेत नववीच्या मुलांना पायथन शिकवते आणि ही ऑरची अडचण दरवर्षी वर्गात येते, त्यामुळे हे सावकाश वाच.

आपण बोलताना म्हणतो "शहर इंदूर किंवा देवास असेल तर", आणि ऐकणाऱ्याला कळतं की देवासच्या आधी पण "शहर" धरायचं आहे. पायथन ते धरत नाही. तो तुझी ओळ तुकडे करून वाचतो: एक तुकडा शहर == "इंदूर", दुसरा तुकडा नुसता "देवास". पहिला खोटा निघाला की तो दुसऱ्याकडे बघतो, तिथं काही तुलनाच नाही, फक्त एक स्ट्रिंग आहे. आणि पायथनचा नियम असा की रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग अटीच्या जागी आली की ती खरी धरायची. मग जबलपूर टाक, भोपाळ टाक, काहीही टाक, "देवास" रिकामं नाही म्हणून अट खरीच, आणि एल्सपर्यंत गाडी कधी पोचतच नाही. यात एरर येत नाही, म्हणूनच मुलं तासन् तास शोधत बसतात.

बरोबर लिहायचं तर प्रत्येक वेळी शहर == पुन्हा लिही, किंवा त्याहून चांगलं:

इफ शहर इन ("इंदूर", "देवास", "उज्जैन", "महू"):

यात एक जपायचं. उद्या यादीत एकच गाव ठेवलंस आणि शहर इन ("इंदूर") लिहिलंस तर ती यादी राहत नाही, साधी स्ट्रिंग होते, आणि मग इन अक्षरांचा तुकडा शोधतो. कोणी शहर रिकामं सोडलं तरी अट खरी होईल, कारण रिकामी स्ट्रिंग प्रत्येक स्ट्रिंगमधे सापडते. एक गाव असलं तर सरळ == वापर.

आणि तुमच्याकडे तर अर्धे लोक इंदूर लिहिणार अर्धे इंदौर, पायथनला ही दोन वेगळी गावं आहेत. दोन्ही यादीत टाक, आणि इनपुटला .स्ट्रिप() लाव म्हणजे मागेपुढे स्पेस पडली असेल तर ती निघून जाईल.

अजून एक सांगून ठेवते कारण पुढची पायरी हीच असते. मुलं अट उलटी करायला जातात आणि लिहितात, शहर != "इंदूर" ऑर शहर != "देवास". हे पण कायम खरं! इंदूरवाल्यासाठी दुसरा भाग खरा, देवासवाल्यासाठी पहिला. नकार आत नेला की ऑरचा अँड होतो, हा डी मॉर्गनचा नियम. हा गणिती १८०६ साली आपल्या मदुराईत जन्मला, हे वर्गात सांगितलं की मुलांच्या नियम लक्षात राहतो असा माझा अनुभव. तू नॉट इन वापर, म्हणजे प्रश्नच नाही.

रामबाग_इंदूर:
दादा, ताई, दोघांचे खूप खूप आभार!! दोन्ही चाललं. "देवास" एकटं उभं आहे हे वाचल्यावर एकदम डोक्यात बसलं. आता समितीतल्या काकूंनी ज्येष्ठ गट पण घाला म्हणून सांगितलंय, ६० च्या पुढचे. मी एल्स काढून असं केलं:

एलिफ वय > १६:
    प्रिंट("खुला गट")
एलिफ वय >= ६०:
    प्रिंट("ज्येष्ठ गट")

६७ टाकलं तर खुला गटच येतंय. आता तर इंट पण लावलाय.

महू_किशनगंज:
एलिफच्या ऐवजी मॅच-केस वापर ना, पायथन ३.१० पासून आलंय, २०२१ मधे, दिसायला पण स्वच्छ.

लष्कर_ग्वाल्हेर:
मॅच-केस इथं नको भाऊ. ते ठरलेल्या किमतींसाठी छान, म्हणजे स्पर्धेचं नाव पाठांतर आहे की चित्रकला असं बघायचं असेल तर. पण "१२ पर्यंत", "६० च्या पुढे" अशा पट्ट्यांसाठी त्यात पुन्हा इफच घालावा लागतो, मग फायदा काय.

ताई, तुझं उत्तर असं की या साखळीत पायथन वरून खाली येतो आणि जी अट पहिली खरी निघेल तिथंच थांबतो, खालच्या बघतसुद्धा नाही. ६७ हा १६ पेक्षा मोठा आहेच, त्यामुळे तो खुल्या गटातच अडकला. ज्येष्ठची अट वर घे आणि शेवटी एल्स परत आण, म्हणजे उरलेले सगळे खुला गट. किंवा दोन्ही टोकं लिही, इफ ८ < वय <= १२ असं पायथनमधे सरळ चालतं, मग क्रमाची काळजी नाही. पण हे जावास्क्रिप्टमधे नेऊ नको, तिथं आधी ८ < वय चं खरं-खोटं निघतं आणि त्या खऱ्या-खोट्याची, म्हणजे एक किंवा शून्याची, १२ शी तुलना होते, ती कायम खरीच येते.

आणि सगळे एलिफ काढून नुसते इफ ठेवायचा मोह टाळ, सात वर्षांच्या पोराला बाल, किशोर, कुमार तिन्ही गट छापून येतील.

दांडियाबाजार_बडोदा:
दादा बरोबर सांगताहेत. तपासताना ७ आणि ४५ असली मधली वयं टाकू नकोस गं, सीमेवरची टाक: ८, ९, १२, १३, १६, १७, ५९, ६०. अटींचा घोळ असेल तर तो तिथंच सापडतो, <= च्या जागी < पडलं असेल तर ८ वाला मुलगा किशोर गटात दिसेल. आणि काकूंना एकदा विचारून घे, "६० च्या पुढचे" म्हणजे पूर्ण ६० वाले धरायचे की नाही, आणि वय कुठल्या तारखेला मोजायचं, गणेश चतुर्थीला की फॉर्म भरायच्या दिवशी.

रामबाग_इंदूर:
विचारलं. ६० धरायचे, आणि वय चतुर्थीच्या दिवशी मोजायचं. आठही वयं टाकून बघितली, सगळे गट बरोबर आले. एकच राहिलं, कोणी "७ वर्ष" असं अक्षरात लिहिलं की व्हॅल्यू एरर येऊन प्रोग्रॅम बंद पडतो.

लष्कर_ग्वाल्हेर:
ते इफचं काम नाही, त्याला ट्राय-एक्सेप्ट लाव. ट्रायमधे इंटची ओळ, एक्सेप्टमधे "फक्त आकडा लिहा" असा मेसेज, आणि हे सगळं व्हाइलमधे घाल म्हणजे नीट आकडा येईपर्यंत पुन्हा विचारेल. आज करून बघ, अडलं तर कोड इथंच टाक, रात्री बघतो.