काळेपणापेक्षा उष्णता अडवण्याची क्षमता पाहावी
गाडीच्या काचांवर लावायची फिल्म जितकी काळी तितकी गाडी थंड, हे मत मला पटत नाही. उन्हातील जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येते आणि साधी रंगीत फिल्म ते किरण फारसे अडवत नाही. उलट ती स्वतःच तापते, हे नागपुरात मे महिन्याच्या दुपारी काचेला आतून हात लावला की लगेच कळते. चांगली सिरॅमिक फिल्म (सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण असलेली) मात्र बरीच पारदर्शक राहूनही हे किरण रोखते. नियमानुसार पुढच्या-मागच्या काचांतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे. मूळ काचही थोडा प्रकाश अडवत असल्याने मोजणी काच व फिल्म मिळून करून घ्यावी. पुढच्या काचेवर धातूचा थर असलेली फिल्म कृपया टाळाच, कारण तिच्यामुळे फास्टॅग वाचण्यात अडथळा येऊ शकतो.