लॉ कॉलेजांच्या कोविडकाळातल्या 'यशोगाथा' : कौतुक नक्की कशाचं?

काळाडगला
मावसबहिणीकडे माळा आवरताना तिच्या लॉ कॉलेजचा २०२०-२१ चा वार्षिक अंक सापडला. मुखपृष्ठावर न्यायदेवता, डोळ्यांवर पट्टी आणि तोंडावर मास्क. म्हणजे बघायचंही नाही आणि बोलायचंही नाही. चित्रकाराला ते कळलं असेल असं वाटत नाही.

आत काय? एक्केचाळीस वेबिनार, प्रत्येकाचा फोटो, म्हणजे चौकोनात पंचवीस डोकी. ऑनलाइन मूट (म्हणजे लुटुपुटीच्या खटल्याची स्पर्धा), ऑनलाइन निबंध, 'कोविड आणि मानवी हक्क' यावर पोस्टर स्पर्धा, बक्षीस म्हणून ई-सर्टिफिकेट. शेवटच्या पानावर सहा जणांना श्रद्धांजली, तीही जाहिरातीखाली उरलेल्या जागेत.

माझा आक्षेप सोपा आहे. कायदा शिकणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत तेव्हा कायद्याची परीक्षा चालू होती. १८९७ चा साथरोग कायदा, जो आपल्याच मुंबई-पुण्यातल्या प्लेगपायी इंग्रजांनी घाईघाईत केला, तो कपाटातून बाहेर आला होता. जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. नाक्यावर पोलिसांच्या काठ्या, हायवेवर चालत निघालेली माणसं. यावर अंकात एक ओळ नाही.

आणि करणाऱ्यांनी केलंच ना? बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांनी पैसे गोळा केले आणि २८ मे २०२० ला मुंबईहून रांचीला विमान सोडलं, झारखंडच्या अडकलेल्या मजुरांसाठी. याला बातमी म्हणतात. बाकीचं सगळं कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायलीचं भरताड. बोला.

गंगाकाठची
बोलते. तुमच्या 'भरताडा'त मी आहे.

आमचं कॉलेज तालुक्याचं. २०२० आधी मूटला जायचं म्हणजे प्रवेश फी, तिघांची तिकिटं, राहणं, वर ब्लेझर. आमच्या आधीच्या पाच बॅचमधून एकही टीम जिल्ह्याबाहेर गेली नव्हती. २०२१ मध्ये पहिल्यांदा आम्ही राष्ट्रीय मूटला उभ्या राहिलो, कारण भाडं लागलं नाही. घरात रेंज नव्हती म्हणून झेडपी शाळेच्या ओसरीवर बसून आर्ग्युमेंट केलं. मी 'माय लॉर्ड' म्हणून सुरुवात केली, तर माय लॉर्डच म्यूटवर. दुसऱ्या आलो. अंकातला माझा फोटो म्हणजे स्क्रीनशॉट आहे, त्यात मागे दोरीवर शाळेच्या शिपाईकाकांचं धोतर वाळतंय.

मोठ्या कॉलेजांना ती दोन वर्षं 'गमावलेली' वाटतात. जेसप या जगभरच्या मूट स्पर्धेची २०२० ची आंतरराष्ट्रीय फेरी रद्द झाली तेव्हा केवढी हळहळ! पुढच्या वर्षी ती ऑनलाइन झाली आणि ज्यांना व्हिसा-विमान कधीच परवडलं नसतं तेही त्यात उतरू शकले. त्याचं कौतुक नको?

काळाडगला
तुमचं मनापासून अभिनंदन, उपरोधाने म्हणत नाही. पण तुम्हाला ओसरी मिळाली. ज्यांना तीही नाही मिळाली ते अंकात येणारच नाहीत.

एनएलएटी आठवा. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच नॅशनल लॉ स्कूलने क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय लॉ विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा, सोडून स्वतःची घरबसल्या परीक्षा काढली. संगणक तुमचा, इंटरनेट तुमचं, कॅमेरा चालू ठेवायचा. २१ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि क्लॅटनेच प्रवेश द्यायला सांगितलं. घरून परीक्षा म्हणजे घर असलेल्यांची परीक्षा.

रातकिडा
थांबा. एनएलएटीची ही अर्धीच गोष्ट झाली.

क्लॅट सारखी पुढे ढकलली जात होती. त्या संस्थेत सत्रं तिमाही आहेत, उशीर झाला तर वर्ष कोरडं जाणार ही त्यांची अडचण खरी होती. आणि फी बघा. क्लॅटची चार हजार, एनएलएटीची दीडशे. गरिबाच्या बाजूने कोण, हे इतकं सरळ नव्हतं. शिवाय क्लॅट २८ सप्टेंबरला केंद्रांवर झाली, ऐन साथीत. तिथं पोचायला गाडी कुणाकडे होती?

निकाल मला मान्य आहे. इतर विद्यापीठांबरोबर एकत्र परीक्षेचं ठरवून ऐन वेळी एकट्याने उठून जायचं, आणि विद्यार्थ्यांना तयारीला जेमतेम दहा दिवस, हे चूकच. पण गंमत बघा, मे महिन्यात त्या संस्थेचे माजी विद्यार्थी मजुरांना विमानात बसवतात आणि चार महिन्यांत तीच संस्था कोर्टात हरते. मग अंकात काय छापायचं, विमान की निकाल? मी म्हणतो दोन्ही, समोरासमोरच्या पानांवर. तसा अंक काढायची छाती कुठल्या प्राचार्यांकडे आहे?

बाकावरचा
कोविड बॅचवाल्यांनो, एवढं भांडू नका. तुमची शेवटची परीक्षा तासाभराची, बहुपर्यायी. ज्युरिसप्रुडन्सला, म्हणजे कायद्याच्या तत्त्वज्ञानाला, चार पर्याय! आमच्या सिनिअरकडे मुलाखतीला आलेल्या पोराला विचारलं, एस्टॉपेल म्हणजे काय? तर म्हणतो, "पर्याय द्या सर."

गंगाकाठची
हा विनोद आम्ही गेली काही वर्षं ऐकतोय, दरवेळी वेगळ्या सिनिअरच्या नावावर.

परीक्षा आम्ही मागितली नव्हती की नाकारली नव्हती. जूनमध्ये राज्य म्हणालं परीक्षा नाही, जुलैत यूजीसी म्हणाली ३० सप्टेंबरपर्यंत घ्याच, २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालय म्हणालं परीक्षेशिवाय पदवी नाही, तारीख हवी तर वाढवून मागा. तोवर आम्ही रोज सकाळी उठून व्हॉट्सअॅपवर कुठलं परिपत्रक खरं ते शोधत होतो. वकिलीच्या सनदेचंही तेच. त्यासाठीची बार परीक्षा ऑगस्ट २०२० ची नोव्हेंबरवर गेली, ती झाली २४ जानेवारी २०२१ ला. त्या काळात ज्युनिअरांची काय अवस्था होती ते तुमच्या सिनिअरना विचारा.

जातमुचलका
काळाडगला यांच्याशी निम्मी सहमत, कारण आमचं काम कुठल्याच अंकात आलं नाही.

२३ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली गर्दी कमी करायला प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमायला सांगितलं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांतले कच्चे कैदी तात्पुरत्या जामिनावर सोडता येतील का, ते समितीने बघायचं होतं. आमच्या लीगल एड क्लिनिकच्या, म्हणजे कॉलेजच्या मोफत कायदा-मदत केंद्राच्या, सात-आठ जणांनी एका वकिलीणबाईंच्या हाताखाली फोनवरून अर्ज तयार केले. एरवी क्लिनिक म्हणजे वर्षातून एकदा गावात बॅनर लावून फोटो. इथे फोटो नव्हता. काम असं होतं: घरच्यांना फोन, गुन्हा क्रमांक विचारा, कलमं विचारा. त्यांना कलम माहीत नसतं, त्यांना फक्त "चोरीची केस" माहीत असते. मग एफआयआर शोधा.

एकाचा हुकूम झाला, वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच लेखी हमीवर. संध्याकाळी साडेसातला तो गेटबाहेर आला आणि तुरुंगातल्याच कुणाच्या तरी मोबाइलवरून त्याने मला फोन केला, "म्याडम, आता जाऊ कसा?" एसटी बंद. गाव नव्वद किलोमीटर. जामीन कसा मिळवायचा ते आम्हाला शिकवलं होतं, पुढचं नाही. शेवटी भाजीच्या टेम्पोत बसवलं, पासची झेरॉक्स मी चालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवली.

प्रॅक्टिकल ट्रेनिंगच्या जर्नलमध्ये मी हे लिहिलं तर सर म्हणाले, याचं सर्टिफिकेट कुठाय?

काळाडगला
बघा! हेच तर म्हणतोय मी.

पान_सोळा
मी असा अंक काढलेला आहे. दुसऱ्या कॉलेजचा, पण वर्णन वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेबिनारची यादी का लांब असते ते तुम्ही बरोबर ओळखलंत. आकडा द्यावाच लागतो. त्यात काही बचाव नाही.

पण एक सांगते. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा गेला. दहा दिवसांत. जूनमध्ये त्याच्या आईचा फोन आला. मला वाटलं फी परत हवी असेल. त्या म्हणाल्या, त्याला एका ऑनलाइन पेपर प्रेझेंटेशनचं सर्टिफिकेट मिळालं होतं, त्यात नावातली वेलांटी चुकली आहे, तेवढी दुरुस्त करून द्याल का? सहभागाचं सर्टिफिकेट हो, नंबर नव्हता. आम्ही नवं काढलं, चांगल्या कागदावर छापलं, शिक्का मारून कुरिअरने पाठवलं. आणि सहभागी विद्यार्थ्यांच्या यादीत त्याचं नाव घातलं, श्रद्धांजलीतही घातलं. एका अंकात दोनदा.

तुमच्या हिशेबाने ते यादीचं पान भरताड आहे. असेलही.

बाकावरचा
माझा मघाचा विनोद मागे घेतो.

रातकिडा
सर्टिफिकेटचा कारखाना त्याने योग्य ठरत नाही, हेही म्हणू द्या. पाच मिनिटं लॉगिन करून गुगल फॉर्म भरला की प्रमाणपत्र, अशी माझ्याकडे तीसेक आहेत. रोज खुल्या लिंकवरून खरं कोर्ट बघायला मिळत होतं, २६ ऑक्टोबर २०२० पासून तर गुजरात उच्च न्यायालय यूट्यूबवर थेट दिसायला लागलं. ते बघायला आमच्या वर्गातले किती गेले? सर्टिफिकेट नव्हतं ना तिथे.

काळाडगला
मत बदललेलं नाही. एक्केचाळीस वेबिनार मला अजूनही एक्केचाळीसच वाटतात. पण पान_सोळा यांचं वाचून बहिणीला फोन केला. श्रद्धांजलीतली ती सहा नावं कोण, विचारलं. दोन प्राध्यापक, एक माजी विद्यार्थी, ऑफिसातले दोघं आणि लायब्ररीतले एक काका, जे बेअर अॅक्ट, म्हणजे कायद्यांच्या मूळ मजकुराची पुस्तकं, घरी न्यायला गुपचूप द्यायचे. तिला सहाही पाठ होते. मला वाटलं होतं तिने ते पान उघडलंही नसेल.

वेबिनारच्या पानावर 'विद्यार्थी समन्वयक' म्हणून तिचंच नाव आहे, हे मी इथे लिहिलं नव्हतं. तू काय करायचीस विचारलं, तर म्हणाली, काही नाही रे, लिंक पाठवायचे. आणि आज कोण आलं नाही ते बघून त्यांच्या घरी फोन करायचे.

गंगाकाठची
तो अंक रद्दीत घालू नका.

काळाडगला
तिने परत नेला.