बाबांचा जुना डिजिटल कॅमेरा: फोटो धुरकट, आणि सेल आठ-दहा फोटोंत खलास

रीळसंपली
मंडळी, जरा मदत हवीय. कपाट आवरताना बाबांचा जुना कॅमेरा सापडला. खिशात मावणारा, ७ मेगापिक्सेलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. मोठ्या हौसेने वापरायला काढला, पण दोन गोष्टींनी वैताग आणलाय.

एक म्हणजे फोटो. मागच्या इवल्याशा पडद्यावर झकास दिसतात, कॉम्प्युटरवर मोठे केले की चेहऱ्यांचे चौकोन चौकोन होतात. कुणाला खिडकीसमोर उभं केलं तर सगळ्या फोटोवर पांढरट पडदा. संध्याकाळी घरात काढले तर बारीक वाळू भुरभुरवल्यासारखे दाणे.

दुसरं, बॅटरी. नवेकोरे सेल घालते, आठ-दहा फोटो होतात न होतात तोच ‘बॅटरी बदला’ म्हणतो आणि लेन्स आत ओढून गप्प. तेच सेल भिंतीवरच्या घड्याळात घातले, तर घड्याळ मजेत चालतंय! मेमरी कार्ड बदलून पाहिलं, फरक शून्य. आतला उजेड टिपणारा सेन्सरच म्हातारा झालाय का?

हौशी_फोटोवाला
सेन्सरला बोल लावण्याआधी एक सांगा. एकेका फोटोची फाइल किती मोठी आहे?

रीळसंपली
९० ते १२० केबी. एकही त्याच्या वर नाही.

हौशी_फोटोवाला
मग चोर सापडला. ७ मेगापिक्सेलचा पूर्ण फोटो साधारण ३०७२ × २३०४ पिक्सेलचा आणि दोन-तीन एमबीचा असतो. तुमचा कॅमेरा ६४० × ४८० वर लावलेला दिसतोय, म्हणजे जेमतेम ०.३ मेगापिक्सेल. मेनूत जाऊन इमेज साइज सगळ्यात मोठी करा, क्वालिटी ‘फाइन’ ठेवा. आधी काढलेले फोटो मात्र तसेच राहणार, कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही ते आता कुठून आणणार?

पांढरट पडद्याचं कारण बहुतेक लेन्सवर आहे. कॅमेरा चालू करून लेन्सवर टॉर्चचा उजेड तिरका पाडा. बोटाचा ठसा लगेच चमकेल. आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवा, मग हलकी वाफ सोडून मायक्रोफायबरच्या फडक्याने मधून कडेकडे पुसा. ओढणीच्या टोकाने नको, धुळीचा एक कण चरे पाडायला पुरतो. आतल्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, तिच्या नादी घरी लागू नका.

दाण्यांचं म्हणाल तर अंधारात कॅमेरा आपणहून आयएसओ, म्हणजे उजेडाबाबतची संवेदनशीलता, चढवतो, आणि एवढ्याशा सेन्सरला ४००-८०० झेपत नाही. आयएसओ १०० किंवा २०० वर बांधून टाका; मग शटर जास्त वेळ उघडं राहतं, म्हणून कॅमेरा टेबलावर ठेवा आणि २ सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही लागत नाही. माणसांना मात्र शटर उघडं असेपर्यंत स्तब्ध बसवावं लागेल. लहान मुलं असतील तर सरळ फ्लॅश मारा.

वायरमन
घड्याळाच्या कोड्याबद्दल. घड्याळ सेलमधून थेंब थेंब वीज घेतं, कॅमेरा एकदम घोट घेतो. लेन्स बाहेर येताना, फ्लॅश चार्ज होताना तर फारच. साध्या अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे आतूनच विजेला होणारा अडथळा, जास्त, त्यामुळे असा ओढा आला की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि कॅमेऱ्याला वाटतं सेल संपले. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड घ्या. त्यांच्यावर १.५ ऐवजी १.२ व्होल्ट लिहिलेलं बघून बिचकू नका, ओझ्याखाली तेच टिकून राहतात. मेनूत बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असेल तर तीही बदला, नाहीतर बॅटरीची खूण चुकीची दाखवत राहील. जोडी एकाच वयाची ठेवा. एक सेल नवा, एक जुना असं केलंत की जुना दोघांना घेऊन बुडतो.

सेलच्या कप्प्यात स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड आहे का? असेल तर सेल काढून, कापसाच्या काडीला व्हिनेगरचा थेंब लावून पुसा, पूर्ण वाळू द्या, मग खोडरबराने घासा.

रीळसंपली
दोघांचेही आभार. इमेज साइज खरंच ६४० × ४८० वर होती! मग आठवलं, बाबांकडे कॅमेऱ्यासोबत आलेलं १६ एमबीचं कार्ड होतं. मोठ्या साइजचे त्यात पाच-सहाच मावले असते. प्रवासात कार्ड भरू नये म्हणून त्यांनीच काटकसर केली असणार. ते बसच्या तिकिटाच्या मागेही हिशेब लिहायचे. लेन्सवर अंगठ्याचा अख्खा ठसा होता. पुसायच्या आधी दोन मिनिटं नुसती बघत बसले.

पांढरट पडदा गेला, चेहरे चेहऱ्यांसारखे दिसायला लागले. पण रिचार्जेबल घालूनही कॅमेरा अधूनमधून बंद पडतोय. पूड नाही, स्प्रिंग चकचकीत आहे.

वायरमन
सेलच्या झाकणावर अंगठा दाबून धरून दहा-बारा फोटो काढा आणि सांगा.

रीळसंपली
तीस काढले, फ्लॅशसकट. एकदाही बंद पडला नाही!

वायरमन
झाकणाची खिट्टी झिजलीय. दोन सेलना जोडणारी पट्टी त्या झाकणातच असते, ते जरा सैल पडलं की वीज तुटते. झाकण सुटं मिळालं तर बदला.

रीळसंपली
शोधते. तोवर जाड रबरबँड लावलाय. फक्त तो ट्रायपॉडच्या भोकावरून येतो, त्यामुळे कॅमेरा टेबलावर थोडा डुगडुगतो.