जुनी इमारत विकल्यानंतर मंडळी एकत्र कशी ठेवावी?

प्रश्न

गेल्या वर्षी आमच्या ख्रिस्ती मंडळीने आपली जुनी चर्चची इमारत विकली. छताच्या दुरुस्तीचा खर्च आमच्या आवाक्याबाहेर गेला होता, सभासद वर्षागणिक घटत होते आणि नेमक्या त्याच काळात पाळकांची (मंडळीच्या धर्मगुरूंची) बदली झाल्यामुळे कित्येक रविवार पाहुण्या उपदेशकांवर निभावावे लागले. विक्रीचा निर्णय सर्वसाधारण सभेत रीतसर झाला आणि तो मला आजही योग्य वाटतो. सध्या आम्ही एका शाळेच्या सभागृहात उपासना करतो. आधी खुर्च्या मांडायच्या, टेबलावर पांढरे कापड अंथरून प्रभुभोजनाची (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीची) तयारी करायची आणि आशीर्वचन झाले की सगळे आवरून किल्ली परत करायची, असा क्रम आहे.

विक्रीला ज्यांनी कडाडून विरोध केला, ते बहुतेक अजूनही येतात. येईनासे झाले आहेत ते घंटा वाजवणारे, वेदीजवळची फुले बदलणाऱ्या बाई आणि दारात उभे राहून गीतपुस्तके हाती देणारे आजोबा. या मंडळींना कोणी दुखावलेले नाही, आणि म्हणूनच मला त्यांची जास्त काळजी वाटते. त्यांना परत कसे आणावे? आणि विक्रीची रक्कम हाती असताना नवी जागा लगेच घ्यावी, की थांबावे?

प्रतिसाद १ (एका मंडळीचा माजी चिटणीस)

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच यादीत आहे, कारण तुम्ही मोजलेले तिघेही सेवेकरी आहेत. इमारत माणसाला बसायला जागा देते, तसे कामही देते, आणि ज्याला व्यासपीठावर उभे राहून प्रार्थना करणे कधी जमले नाही, त्याच्यासाठी ते कामच प्रार्थना असते. भाड्याच्या सभागृहात घंटा नाही, वेदी कायमची नाही, दारही आपले नाही; त्यामुळे या माणसांची मंडळीतली जागाच पुसली गेली आहे.

‘मदतीला कोणीही यावे’ अशी सूचना देऊन ही माणसे येणार नाहीत. पाळकांनी किंवा मंडळीतल्या एखाद्या वडिलांनी (ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांनी) त्यांच्या घरी जाऊन नेमके काम सोपवावे. प्रभुभोजनाची भांडी आणि कापड कोणाच्या घरी राहणार, ते धुऊन, इस्त्री करून कोण आणणार, किल्ली कोण घेणार, आजारी सभासदांना पुढच्या रविवारची वेळ कोण कळवणार, ही सगळी खरी कामे आहेत आणि आज ती बहुधा एकदोघेच उरकत असतील. त्या एकदोघांकडून ती काढून घेणे अवघड जाईल, पण ते करावेच लागेल.

प्रतिसाद २ (कॅथलिक धर्मग्रामातील, म्हणजे स्थानिक चर्चमधील, सभासद)

तुमची मंडळी प्रोटेस्टंट दिसते, त्यामुळे आमचे नियम तुम्हाला लागू नाहीत. पण रकमेबाबत त्यांतला विचार उपयोगी पडेल. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मविधिसंहितेनुसार मालमत्ता विकण्यासाठी न्याय्य कारण आणि तज्ज्ञांचे लेखी मूल्यांकन लागते (नियम १२९३), आणि आलेली रक्कम विक्रीच्या उद्देशाला धरून चर्चच्या हितासाठी जपून गुंतवावी किंवा विचारपूर्वक खर्च करावी लागते (नियम १२९४). शिवाय दात्याने विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरता येते (नियम १२६७). जुन्या नोंदवह्या उघडून अशी दाने आधी वेगळी काढा. एखाद्या कुटुंबाने आईवडिलांच्या स्मरणार्थ खिडकी किंवा बाक दिला असेल, तर तो कुठे गेला हे त्यांना तुमच्याकडूनच कळले पाहिजे.

पैसा हाती आहे म्हणून जागा घेऊ नये. रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी, तिचा हिशेब ठरावीक काळाने सर्वांसमोर वाचावा आणि भाड्यासाठी मुद्दल मोडण्याची वेळ येत असेल, तर तेही उघडपणे सांगावे.

प्रतिसाद ३

थांबण्याच्या बाजूने मीही आहे, पण थांबण्यालाही किंमत असते. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहराचे अँग्लिकन कॅथेड्रल (बिशपचे मुख्य चर्च) २२ फेब्रुवारी २०११च्या भूकंपात अंशतः कोसळले. २०१३मध्ये वास्तुविशारद शिगेरू बान यांनी पुठ्ठ्याच्या जाड नळ्या वापरून उभारलेले तात्पुरते कॅथेड्रल खुले झाले आणि उपासना तेथे सुरू झाली. जुनी वास्तू पाडावी की पुन्हा उभारावी, हा वाद मात्र न्यायालयापर्यंत गेला. पुनर्बांधणीचा निर्णय धर्मप्रांताच्या सभेने २०१७मध्ये घेतला आणि २०२४मध्ये निधीअभावी ते काम थांबवावे लागले. तात्पुरती जागा नीट चालली, हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तुमच्या सभागृहाकडेही केवळ अडचण म्हणून पाहू नका.

घरात भरणारी मंडळी ही तर आपली सर्वांत जुनी रीत आहे. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात प्रेषित पौल प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम पाठवतो. सीरियातील दुरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकातले असे एक घर उत्खननात सापडले. दोन खोल्यांमधली भिंत काढून सभेसाठी मोठी खोली केलेली, आणि बाप्तिस्म्याच्या खोलीच्या भिंतींवर चित्रे काढलेली. साध्या घरातसुद्धा त्या लोकांनी आपल्या श्रद्धेची खूण उमटवली.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. बायबलमधील एज्राच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेममधल्या नव्या मंदिराचा पाया घातला जातो, तेव्हा पहिले मंदिर पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडतात, इतर आनंदाने जयघोष करतात आणि दोन्ही आवाज वेगळे ओळखू येत नाहीत. तेथे रडणाऱ्यांना कोणी गप्प केले नाही. तुमच्याकडे जुन्या इमारतीचा निरोप घेणारी उपासना झाली होती का? झाली नसेल, तर आताही घेता येईल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

निरोपाची उपासना झाली नव्हती. ताबा देण्याची तारीख जवळ आली होती आणि सामान हलवण्यातच शेवटचा आठवडा गेला. घंटा मात्र विकलेली नाही. ती एका सभासदाच्या गोदामात गोणपाटात बांधून ठेवली आहे. पुढच्या बैठकीत मी दोन प्रस्ताव मांडणार आहे: निरोपाच्या उपासनेला तारीख द्यावी, आणि विशिष्ट हेतूने दिलेल्या दानांची यादी होईपर्यंत विक्रीच्या रकमेतून काहीही खर्च करू नये. फुले बदलणाऱ्या बाईंकडे या शनिवारी आमच्या नव्या पाळकबाई आणि मी जाणार आहोत, आणि प्रभुभोजनाचे कापड सोबत नेणार आहोत.